शंभर पुतळे, एक किनारा आणि आपलं सॅम्पलिंग

किनाऱ्यावरच्या कुठल्याही इन्स्टॉलेशनची माहिती वाचा, एक वाक्य हमखास सापडतं: ही कलाकृती प्रेक्षकाला समुद्राशी जोडते. आपण पडलो सायन्सवाले. कोणी 'जोडते' म्हटलं की आपण विचारणार, म्हणजे नेमकं काय होतं? आधी न दिसणारं काय दिसायला लागतं? हा प्रश्न आज मी अँटनी गॉर्मली या ब्रिटिश शिल्पकाराच्या 'अनदर प्लेस'ला विचारणार आहे. आधीच सांगून टाकते, मी तिथे गेलेली नाही. फोटो, व्हिडिओ आणि एक रिसर्च पेपर एवढ्या भांडवलावर बोलते आहे.

लिव्हरपूलच्या उत्तरेला क्रॉस्बी नावाचा वाळू-चिखलाचा सपाट किनारा आहे. तिथे सुमारे तीन किलोमीटर लांबीत ओतीव लोखंडाचे शंभर पुतळे उभे आहेत, काही तर पाण्याच्या दिशेने जवळजवळ एक किलोमीटर आत. प्रत्येक १८९ सेंटिमीटर उंच, वजन साधारण ६५० किलो. सगळे गॉर्मलीच्या स्वतःच्या शरीराचे साचे, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. १९९७ मध्ये हे काम पहिल्यांदा जर्मनीत कुक्सहाफेनला मांडलं गेलं, मग नॉर्वे, बेल्जियम असं फिरत २००५ मध्ये क्रॉस्बीला आलं आणि तिथलंच झालं. ते सहज झालं नाही. किनारा रक्षकांना लोकांच्या सुरक्षिततेची काळजी होती, पक्ष्यांवर काम करणाऱ्यांना चिखलात चरणाऱ्या स्थलांतरी पक्ष्यांची. नगरपालिकेने आधी नकार दिला आणि २००७ मध्ये परवानगी दिली.

वरवर पाहिलं तर कल्पना साधी आहे. माणूस उभा राहून क्षितिजाकडे बघतोय, तुम्हीही त्याच्या शेजारी उभे राहा आणि बघा. एवढंच असतं तर मी ही पोस्ट लिहिली नसती. क्षितिजाकडे बघायला माणसाला लोखंडी सोबत लागत नाही.

कामात जीव येतो तो भरतीमुळे. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असली की बातमी होते. लिव्हरपूलच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक आठ मीटरच्या वर जातो, आणि किनारा सपाट, त्यामुळे पाणी लांबवर मागे जातं आणि लांबवरून परत येतं. कुणी पुतळा घोट्यापर्यंत बुडालेला, कुणी छातीपर्यंत, कुणी पूर्ण गायब. पाण्याची पातळी माणसाच्या अंगावर मोजायची सोय झाली. तक्त्यातला आकडा डोक्यात राहत नाही, पण 'आत्ता त्याच्या हनुवटीपर्यंत आलंय' हे राहतं. वाळूचंही तसंच. काही पुतळे गुडघ्यापर्यंत गाडले गेलेले दिसतात, कारण वाळू सरकत असते. हे मला अस्सल डिझाईन वाटतं: शिल्प स्वतः हलत नाही आणि म्हणून बाकी सगळं हलताना दिसतं. अर्थात त्याची दुसरी बाजूही आहे. लांबचा पुतळा लोकांना पुढे बोलावतो, आणि पुढे मऊ चिखल आणि वेगाने येणारं पाणी आहे. म्हणून तिथे पाट्या लावाव्या लागल्या, की फार आत चालत जाऊ नका.

आता आपल्या कामाचा भाग. २०१२ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांचा एक पेपर आला. शीर्षकात त्यांनी विचारलंय, फट, चीर की मांडीचा आतला भाग? (समुद्रशास्त्रातली शीर्षकं सहसा इतकी मोकळी नसतात.) विषय आहे ऑस्ट्रोमिनियस मोडेस्टस हे बार्नॅकल. मूळचं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचं, १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये पोचलेलं. बार्नॅकलची अळी पोहत येते, कडक पृष्ठभाग चाचपते, जागा पसंत पडली की डोकं खाली करून कायमची चिकटते. निर्णय एकदाच, बदली नाही. त्यामुळे ती कुठे बसते हे बघणं महत्त्वाचं. आणि या संशोधकांच्या समोर काय होतं? एकाच मटेरियलचे, जवळपास एकाच आकाराचे शंभर नमुने, कमी वेळ बुडणाऱ्यांपासून जास्त वेळ बुडणाऱ्यांपर्यंत ओळीने मांडलेले, प्रत्येकाला काखा, मांड्या, पाठ, पोट असे उघडे आणि आडोशाचे भाग. इतके रेप्लिकेट्स मागितले तर कुठलीही कमिटी आपल्याला हसेल. थोडी कुरकुर करायला जागा आहे: साचे एक नसून सतरा आहेत, आणि पुतळे नसलेला कंट्रोल किनारा कलाकाराने अर्थातच ठेवलेला नाही. तरी तो प्रयोग कुणी न ठरवता मांडला गेला होता, आणि कुणाला तरी तो प्रयोग म्हणून दिसला. हे दिसणं शिकवता येतं का, मला माहीत नाही.

पण माझी खरी तक्रार इथेच सुरू होते.

क्रॉस्बीचा किनारा मुळात मऊ आहे. तिथे बार्नॅकलला बसायला फारशी जागाच नव्हती. शंभर लोखंडी अंगं रोवली तेव्हा शंभर छोटे खडक तयार झाले आणि बाहेरून आलेल्या जातीला वस्ती करायला ठिकाण मिळालं. प्रेक्षक ओहोटीला जवळ जातो, पुतळ्याच्या पायांवर कवचांचा थर बघतो आणि म्हणतो, वा, समुद्राने याला आपलंसं केलं. त्याने जे पाहिलं ते या किनाऱ्याचं जीवन नाही, पुतळ्यामुळे आलेलं आहे. किनाऱ्याचं स्वतःचं जीवन त्याच्या बुटांखाली आहे: वाळूत बिळं करून राहणारे कृमी, शिंपले, आणि त्यांच्यासाठी येणारे पक्षी. त्यांच्याकडे बघायला हे काम काहीच सांगत नाही. सगळ्या माना वर, सगळ्या नजरा समोर. ज्या पक्ष्यांवरून वाद झाला, तेही या रचनेत कुठे नाहीत. म्हणजे भरतीशी ते प्रेक्षकाला उत्तम जोडतं. या विशिष्ट किनाऱ्याशी नाही. कुक्सहाफेनला, बेल्जियमला तेच पुतळे तसेच चालले, यातच ते आलं.

हे मी तावातावाने लिहिते आहे, कारण पहिल्या वर्षी मी स्वतः हेच केलं होतं. रत्नागिरीकडच्या एका किनाऱ्यावर पायलट सर्व्हे केला. वाळूचा लांब पट्टा आणि टोकाला खडक. मी सगळे क्वाड्रॅट खडकावर टाकले. तिथे कालवं, शंखगोगलगाई, बार्नॅकल, सगळं डोळ्यासमोर, मोजायला सोपं, फोटोही छान. प्रेझेंटेशनला स्लाइडवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'या किनाऱ्याची जैवविविधता'. गाईड मॅडमनी शांतपणे विचारलं, "आणि वाळूत?" मी म्हटलं, वाळूत काही दिसलं नाही. त्या म्हणाल्या, "खणलंस का?"

खणलं नव्हतं. खणणं म्हणजे कोअर मारायचा, बादल्या वाहायच्या, चाळायचं, राहिलेलं बाटलीत भरायचं आणि मग मायक्रोस्कोपखाली मान मोडेपर्यंत निवडायचं. खडक समोरच होता, त्याने काही कष्ट मागितले नाहीत.

मॅडमच्या त्या प्रश्नानंतर मी गॉर्मलीचे फोटो परत काढून बघितले. एका फोटोत पुतळ्याच्या पायाशी वाळूवर दोरीच्या गुंडाळीसारखे छोटे ढीग होते, पाच-सहा. लगवर्म नावाचा कृमी बिळातून बाहेर टाकतो तशा वाळूचे असावेत. फोटो काढणाऱ्याने फोकस पुतळ्याच्या चेहऱ्यावर ठेवला होता.

सुधारलेल्या प्रपोजलमध्ये अर्ध्या मिलिमीटर जाळीच्या दोन चाळण्यांचा खर्च धरला आहे. मंजूर होतोय का बघू.