पाहुणी, सून की निवेदक? : शीलवतीबाई केतकरांच्या आत्मकथनाचे स्थान

ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांच्या पत्नी शीलवतीबाई ह्यांचे 'मीच हे सांगितलं पाहिजे' हे आत्मकथन १९६९ साली प्रसिद्ध झाले. मराठी वाङ्मयाच्या चर्चेत ह्या ग्रंथाची गणना बहुधा थोर पुरुषांच्या पत्नींनी लिहिलेल्या आठवणींत केली जाते. रमाबाई रानडे ह्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०), लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४-३६), आनंदीबाई कर्वे ह्यांचे 'माझे पुराण' (१९४४) ही ती परंपरा होय. ही मांडणी सोयीची आहे, परंतु बरोबर नाही. उपरिनिर्दिष्ट तिन्ही लेखिका ज्या भाषेत जन्मल्या त्याच भाषेत बोलल्या. शीलवतीबाईंनी ती भाषा प्रौढपणी, दुसऱ्या देशात येऊन, संपादन केली. हा भेद केवळ चरित्रात्मक नव्हे. परदेशी सहचराकडे राहावयास आलेल्या व्यक्तीसाठी मराठीत सिद्ध पद नाही, आणि ते नसताना ही लेखिका कोणत्या भूमिकेवरून बोलते, हा भाषेचा आणि समीक्षेचा प्रश्न आहे. प्रस्तुत टिपणाचा विषय ग्रंथाचे अंतरंग हा नसून त्याचे स्थान एवढाच आहे.

चरित्राचा सांगाडा थोडक्यात असा. केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकले. जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग १९०९ मध्ये निघाला. मायदेशी परतण्यापूर्वी ते लंडनला राहिले व तेथे त्यांची एडिथ कोन ह्या जर्मन ज्यू स्त्रीशी ओळख झाली. १९१२ साली केतकर हिंदुस्थानात परत आले. मध्ये पहिले महायुद्ध होऊन गेले. १९२० मध्ये त्यांचा विवाह झाला. तत्पूर्वी व्रात्यस्तोम विधीने एडिथबाईंना हिंदू समाजात घेण्यात आले व त्यांचे नाव शीलवती ठेवण्यात आले. १९३७ साली केतकर वारले. आत्मकथन त्यानंतर बत्तीस वर्षांनी आले.

ह्या बत्तीस वर्षांत काय घडले हे पाहणे अगत्याचे आहे. द. न. गोखले ह्यांचे 'डॉ. केतकर' हे चरित्र १९५९ मध्ये आणि दुर्गाबाई भागवतांचा 'केतकरी कादंबरी' हा ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे केतकरांची मराठी वाचकाच्या मनातील मूर्ती घडण्याचे काम शीलवतीबाईंचा ग्रंथ हाती येण्यापूर्वीच बरेचसे उरकले होते. दोन्ही ग्रंथ आपापल्या परीने मोलाचे आहेत, ह्याविषयी वाद नाही. पण ज्या घराविषयी इतके बोलले गेले, त्या घरातील दुसरी व्यक्ती शेवटी बोलली. तिच्या ग्रंथाला केतकर-चरित्राची पुरवणी मानणे हे ह्या कालक्रमाचेच फळ आहे, त्यामागे वाङ्मयीन विवेक नाही.

शीर्षकाकडेच पाहावे. व्याकरणदृष्ट्या ते फार बोलके आहे. 'पाहिजे' हे रूप जुन्या मराठीतील '-इजे' ह्या कर्मणि प्रत्ययाचा अवशेष आहे. 'म्हणजे' हा त्याचाच भाऊ. 'पाहिले जाते, अपेक्षिले जाते' हा त्याचा मूळ अर्थ आजच्या बोलणाऱ्याच्या ध्यानीही नसतो. पण रचना मात्र कर्माभोवती फिरते. 'सांगितलं' हे क्रियारूप 'हे' ह्या नपुंसकलिंगी कर्माशी जुळते, सांगणारीशी नव्हे. तृतीय पुरुषी कर्ता असता तर 'त्याने', 'तिने' असा प्रत्यय लागला असता. प्रथम पुरुषात 'मी' हे रूप प्रथमेतही तेच आणि तृतीयेतही तेच. परिणामी 'मी हे सांगते' ह्या साध्या वाक्यात स्त्रीत्व क्रियापदाच्या शेवटी उघड झाले असते. प्रस्तुत शीर्षकात बोलणारी व्यक्ती स्त्री की पुरुष, पत्नी की परकी, ह्यांतले काहीच रूपावरून कळत नाही. कर्तेपणाचा सारा भार एका 'च' ह्या अव्ययावर येतो. हा 'च' व्यावर्तक आहे: इतर कोणी नव्हे, मी. जिच्याविषयी इतर बोलून चुकले तिलाच असा 'च' लागतो. रमाबाईंच्या शीर्षकातील 'आमच्या' शेजारी हा 'मीच' ठेवून पाहिला म्हणजे दोन ग्रंथांमधील अंतर ध्यानी येते. 'आमच्या'मध्ये घर आहे. 'मीच'मध्ये साक्षीदाराचे उभे राहणे आहे.

मग हा ग्रंथ प्रवासवर्णनात घालावा काय? तसेही करता येत नाही. मराठी प्रवासवर्णनाची घडण परत येण्यावर उभी आहे. वरसईचे गोडसे भटजी १८५७च्या धामधुमीतून घरी परतले म्हणूनच 'माझा प्रवास' लिहिला गेला. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये अमेरिकेची लोकस्थिती सांगितली ती इकडील वाचकांना, पु. ल. देशपांडे ह्यांची 'अपूर्वाई' (१९६०) घरच्यांनाच गंमत सांगते. जावे, पाहावे, परतावे आणि आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगावे, असा हा क्रम आहे. शीलवतीबाईंच्या बाबतीत तो उलटा होतो. जेथे आल्या तेथल्यांनाच, तेथल्याच भाषेत त्या सांगतात. पाहुण्याने यजमानाला त्याच्याच घराची हकीकत सांगावी, असा हा प्रकार आहे, आणि तो ऐकून घेण्याची सवय मराठी वाचकाला नव्हती.

ही अडचण वाङ्मयप्रकारांच्या पलीकडे शब्दसंग्रहापर्यंत पोचते. दुसऱ्याच्या घरी दीर्घकाळ राहणाऱ्या व्यक्तीसाठी मराठीत शब्द पुष्कळ आहेत, पण ते सारे आधी नाते ठरवून मगच लागू होतात. विवाहिता 'नांदते'. हे क्रियापद जुन्या मराठीत वस्ती करणे, सुखाने राहणे ह्या व्यापक अर्थाने आढळते. पुढे ते मुख्यतः सासरच्या वास्तव्याला चिकटले. पुरुष सासरी राहिला तर 'नांदत' नाही, तो घरजावई होतो, आणि त्या शब्दातील उपहास सांगावयास नको. शिरूरहून घोड नदीपलीकडे, नगर जिल्ह्यात (आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात) दिलेली मुलगी नांदावयास जाते. जिल्ह्याची हद्द ओलांडली ह्याची भाषा दखलही घेत नाही, कारण हद्द नात्याने आधीच पुसलेली असते. नाते ठरण्यापूर्वी, किंवा ठरूनही त्याला मान्यता मिळण्यापूर्वी, जी राहावयास येते तिच्यासाठी 'पाहुणी' एवढाच शब्द उरतो, आणि पाहुणीने जावे असे गृहीतच असते.

शिरूरचेच उदाहरण ह्या संदर्भात अधिक पाहण्यासारखे आहे. पुणे-नगर रस्त्यावरील हे गाव, ज्याला घोडनदी असेही म्हणतात, एकोणिसाव्या शतकात लष्करी छावणीचे गाव होते. पुढे 'पूना हॉर्स' म्हणून प्रसिद्धीस आलेल्या घोडदळाचे ठाणे येथे होते. पुणे जिल्ह्याच्या १८८५च्या गॅझेटिअरमध्ये उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या लोकांना 'परदेशी' म्हटले आहे, आणि लोकव्यवहारातही तोच शब्द रूढ होता. पिढ्या गेल्या, नातवंडे मराठी बोलू लागली, तरी शब्द सुटला नाही. तो आडनाव झाला. येथे 'परदेश' म्हणजे राज्याची सीमा नव्हे, तर आपल्या मुलखाबाहेरची कोणतीही जागा. ह्याच गावी कर्नल विल्यम वॉलेस १८०९ मध्ये वारला व तेथेच पुरला गेला. गॅझेटिअरची नोंद अशी की आसपासचे पुष्कळसे हिंदू लोक त्याला सत्पुरुष मानून त्याच्या थडग्याला भजत आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य नेत. दोन परके, आणि भाषेने त्यांना सामावून घेण्याच्या दोन तऱ्हा: एकाचे परकेपण नावातच गोठविले, दुसऱ्याचे दैवतात विरघळविले. जिवंत, एकट्या, प्रेमापोटी आलेल्या परक्या माणसाची तिसरी तऱ्हा ह्या दोहोंत बसत नाही.

व्रात्यस्तोमाचा अर्थही ह्या प्रकाशात लावला पाहिजे. तांड्य ब्राह्मणात हे स्तोम वर्णिलेले आहेत. मनुस्मृतीच्या परिभाषेत व्रात्य म्हणजे ज्याचा उपनयनाचा काळ टळून गेला व जो त्यामुळे सावित्रीपासून पतित झाला तो. हा मूलतः नवागताचा विधी नव्हे. तो चुकलेल्याच्या परतीचा विधी आहे. नव्याने येणारीला आत घ्यावयाचे तर ती कधी तरी आतलीच होती असे मानावे लागते. केतकरांसारख्या समाजशास्त्रज्ञाला ह्या कल्पिताची जाणीव नसेल असे संभवत नाही. हिंदू समाजाची घडण व भवितव्य हा तर त्यांच्या १९११च्या ग्रंथाचा विषयच होता. शिवाय व्यवहाराचीही निकड होती. १८७२च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करावयाचे तर आपण हिंदू नाही, ज्यू नाही, असे उभयतांना लिहून द्यावे लागे. १९२३च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैन ह्यांना आपसांत सवलत मिळाली, पण तीही ज्यूंना नव्हे. धर्म न सोडता परधर्मीयाशी लग्न करण्याची मुभा १९५४च्या कायद्याने आली. १९२० साली दोघांपैकी कोणीच काही न सोडता एकत्र येणे नागरी कायद्यालाही मंजूर नव्हते.

विधी जिला 'परत आलेली' म्हणत होता, तिला सीमेवरचा कायदा 'परत जाणारी' समजत होता. योगायोग असा की हिंदुस्थानात प्रवेशासाठी पारपत्र आवश्यक ठरविण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा १९२०चाच आहे. परकीय स्त्रीने ब्रिटिश प्रजाजनाशी विवाह केला की ती ब्रिटिश प्रजाजन मानली जाई, असा १९१४च्या कायद्याचा सर्वसाधारण नियम होता. म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशीपर्यंत परकी, दुसऱ्या दिवशी प्रजा. मधली अवस्था कागदावर नाही. आजचा कायदा ह्या बाबतीत थोडा अधिक प्रांजळ आहे असे म्हणता येईल. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदारास परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंदणी मिळण्यासाठी विवाह नोंदलेला असावा व तो सलग दोन वर्षे टिकलेला असावा, अशी अट आहे. दोन वर्षांची का होईना, मधली मुदत आहे हे त्यात कबूल केले आहे. विद्यापीठांतील कित्येक कुटुंबांना ही मुदत आज अनुभवाने ठाऊक आहे. ती मुदत काढणाऱ्या व्यक्तीला मराठीत काय म्हणावे ह्याचे उत्तर मात्र 'जोडीदार' ह्या नव्याने सैल झालेल्या शब्दापुढे गेलेले नाही.

ह्यावर असा आक्षेप येईल की शीलवतीबाईंनी नाव स्वीकारले, विधी स्वीकारला, भाषा स्वीकारली. तेव्हा त्यांच्या ठायी असा पेच कल्पिणे हा समीक्षकाचा आगंतुकपणा आहे. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. स्वीकार झाला हे खरे; परंतु पूर्ण स्वीकार झालेल्या सुनेने 'आमच्या' म्हणावयास हवे होते. 'मीच' हा शब्द विरोधाचा नाही, तरी तो विलीन झालेल्या व्यक्तीचाही नाही. त्यात अधिकार आहे, आणि तो अधिकार नात्यावरून आलेला नसून पाहण्यावरून आलेला आहे. म्हणून ह्या ग्रंथाचे वाचन पत्नींच्या आठवणींशेजारी न करता, शिकलेल्या भाषेत लिहिणाऱ्यांच्या लेखनाशेजारी करणे अधिक फलदायी ठरेल. फादर स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचे 'ख्रिस्तपुराण' (१६१६) हे त्या परंपरेचे मराठीतील जुने टोक होय. स्टीफन्स धर्मासाठी आले होते, हा फरक लहान नाही, पण तो वाचनाला धार आणणारा फरक आहे.

शीलवतीबाईंच्या दुसऱ्या कामाकडेही समीक्षेचे लक्ष क्वचितच जाते. मॉरिस विंटरनिट्झ ह्यांच्या जर्मन भाषेतील भारतीय वाङ्मयेतिहासाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी केले. पहिला खंड कलकत्ता विद्यापीठाने १९२७ साली काढला. जन्मभाषेतून तिसऱ्याच भाषेत, आणि तेही ज्या देशात त्या येऊन राहिल्या त्याच्याच प्राचीन वाङ्मयाविषयी. बौद्ध व जैन वाङ्मयाचा दुसरा खंड १९३३ मध्ये निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर दोन भाषांतरकर्त्री आहेत: मिसेस एस. केतकर आणि मिस एच. कोन. ज्या आडनावाने एडिथबाई लंडनला ओळखल्या जात ते आणि ज्या आडनावाने त्या पुण्यास ओळखल्या जात ते, अशी ती दोन्ही आडनावे तेथे एका ओळीत, केवळ 'आणि' ह्या अव्ययाने जोडलेली, छापलेली आहेत.