वाटीचे वजन

पाकशास्त्राच्या पुस्तकांचे परीक्षण कोणी करत नाही. एखाद्या कवितासंग्रहावर चार-चार रकाने निघतात, आणि ज्या पुस्तकावर चौघांचे जेवण अवलंबून त्याची ‘साभार पोच’सुद्धा नाही! म्हणून आज मी अशा पुस्तकांच्या एकाच पानाचा समाचार घेणार आहे. ते शेवटचे पान. त्यावर ‘वजने व मापे’ असा मथळा असतो आणि खाली चौकटीत ठाम विधान : ‘१ वाटी = १५० ग्रॅम’.

कशाचे, ते नाही. साखरेचे? पोह्यांचे? की लिहिणाऱ्याच्या आत्मविश्वासाचे? २४० मिलिलिटरच्या कपात साखर सुमारे २०० ग्रॅम मावते, मैदा जेमतेम १२०, आणि पाणी अर्थातच २४०. तोच मैदा पिशवीत कप खुपसून दाबून भरला तर दीडशेच्या घरात जातो. म्हणजे मैदा भरताना पैलवान कोण होता, तेही चौकटीत छापायला हवे.

तसे पाहिले तर आपल्याकडे शेरच दोन होते. एक मापाचा, दुसरा तागडीतला. चिपटे, मापटे, शेर, पायली ही धान्य भरून मोजायची मापे, तीही शिगोशीग. तोळ्यांचा शेर निराळा. पण कुठल्या जिनसाला कुठला शेर, हे आजीला विचारावे लागत नसे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, दोन्ही शेर गेले. गोंधळ तेवढा चौकटीत राहिला.

आमची एक भाची लंडनला असते. तिच्याकडे काटा आहे, वाटी नाही. चतुर्थीच्या आधी फोन आला, “मामा, उकडीला वाटी म्हणजे किती ग्रॅम?” फोन मामीकडे दिला. मामी म्हणे, “वाटीभर म्हणजे वाटीभर गं!” बिचारीने शेवटी पुस्तक उघडले. पिठी एक वाटी, पाणी एक वाटी. म्हणून दोन्ही दीडशे ग्रॅम घेतले. आता वाटीभर पाणी वाटीभर पिठीच्या दीडपटीहूनही जड भरते. म्हणजे पाणी तिसऱ्या हिश्शाहून अधिक कमी पडले. उकड कोरडी, पाऱ्या चिरल्या, आणि गणपतीला त्या वर्षी सारण नुसतेच मिळाले.

कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’त (१९७०) वाटी-चमच्यांची मापे आहेत, त्यातले शहाणपण इथे कळते. सगळे जिन्नस एकाच वाटीने घेतले, की वाटी लहान का मोठी याने बिघडत काही नाही. फार तर दोन पाहुणे उपाशी राहतात. केकची गोष्ट वेगळी. तिथे मैद्याच्या दाबादाबीने सगळे बसते, तेव्हा काटाच बरा. पण ‘अर्धा किलो रवा, दोन वाट्या साखर’ असे लिहिणाऱ्याला काय म्हणावे? वाटी कुठली, आमटीची की भातुकलीतली?

चौकट छापायचीच असेल तर वाटी किती मिलिलिटरची ते आधी सांगावे, आणि मग रवा, पिठी, साखर, गूळ यांना प्रत्येकी एकेक ओळ द्यावी. कागद काही फार लागणार नाही.

भाचीला मी इथून स्टीलची एक वाटी पाठवली. पोस्टात ती वजन करून घेतली. तिच्यात मावते किती, हे कोणी विचारले नाही.