न वाचता मोजलेले ग्रंथ

ग्रंथालयाने ग्रंथ द्यावेत. शब्दांची मोजदाद द्यावी काय? अमेरिकेतील हाथीट्रस्ट (नाव हिंदीतल्या हत्तीवरून, त्याच्या स्मरणशक्तीसाठी!) हा विद्यापीठ-ग्रंथालयांचा सामाईक संग्रह २००८ साली सुरू झाला. त्यात स्कॅन केलेले १ कोटी ७० लाखांहून अधिक ग्रंथ आहेत. पुष्कळांवर स्वामित्वहक्क असल्याने ते वाचायला देता येत नाहीत. इंडियाना व इलिनॉय विद्यापीठांनी २०११ मध्ये उभारलेल्या संशोधन केंद्राने तोडगा काढला: कोणत्या पानावर कोणता शब्द किती वेळा आला, एवढेच द्यायचे, क्रम द्यायचा नाही. पानाचा माथा व तळ वेगळे मोजतात, म्हणून दर पानावर छापलेले ग्रंथनाम मजकुरात मिसळत नाही. ही काळजी आम्हांला फार आवडली.

खोट आहे ती क्रम गेल्याची. मांजराने उंदराला पकडले की उंदराने मांजराला, हे इंग्रजीत शब्दक्रमावरून कळते. मोजणीत दोन्ही वाक्ये सारखीच. मराठीत प्रत्ययांमुळे फरक टिकतो. पण तेच प्रत्यय उलटतातही. मांजर, मांजराने, मांजराला, मांजराचा हे नुसत्या मोजणीला चार निरनिराळे शब्द! त्यामुळे मराठी ग्रंथांत ‘मांजर’ कमी आढळले, तर ते कमी वापरात होते असे ठरत नाही. रूपे एकत्र करण्याची सोय केल्याशिवाय या आकड्यांचे आलेख काढू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाठ्यपुस्तकातील एखाद्या पाठात ‘पाणी’ किती वेळा येते, ते नववीच्या मुलांकडून मोजून घ्या. मग पाण्यात, पाण्याने, पाण्याचा ही रूपेही मोजायला सांगा आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.