मानवकुटुंबाचें चित्रदर्शन

१९५५ सालीं एडवर्ड स्टायकेन यांनीं न्यूयॉर्क येथें 'द फॅमिली ऑफ मॅन' हें ५०३ छायाचित्रांचें प्रदर्शन मांडलें; पुढें तें भारतांतही फिरलें. जन्म, प्रीति, श्रम, मृत्यु सर्वत्र सारखींच, हा त्याचा सिद्धांत. फ्रेंच टीकाकार रोलां बार्त यांचा आक्षेप असा कीं, जन्म सर्वांसच आहे, पण कोणत्या परिस्थितींत? तो आक्षेप आम्हांस पटतो. माहूरगडीं रेणुकेच्या पायांवर लेंकरूं घालणारी माता त्या चित्रांत सहज शोभेल. मात्र तिच्या गांवीं सुईण होती कीं दवाखाना, हें चित्र सांगणार नाहीं. 'पथेर पांचाली'तील एक छायाचित्र तेथें आहे. चित्रपट पाहिलेल्यास त्यामागचें अवघें घर दिसतें. इतरांस केवळ 'माणूस'.