हौद, नळ आणि शिडाची बोट

एक नळ हौद ४ तासांत भरतो, दुसरा १२ तासांत. दोन्ही एकदम सोडले तर हौद किती वेळात भरेल? हे गणित सोडवल्याशिवाय आपल्यापैकी फारसे कोणी शाळेबाहेर पडलेले नसेल. या गणितावर आमचा राग नाही. पण बॅटरीला हौद आणि ती चार्ज करणाऱ्या साधनांना नळ म्हणण्याची जी पद्धत विज्ञानाच्या सोप्या लिखाणात पडून गेली आहे (आमच्याही जुन्या व्याख्यानांत ती आहे), ती एकदा तपासून पाहायला हवी.

निमित्त एका शालेय विज्ञान प्रदर्शनाचे. नववीतल्या एका मुलीने शिडाच्या बोटीची प्रतिकृती केली होती. आत एक छोटी बॅटरी. इंजिनावरच्या अल्टरनेटरच्या जागी भिंतीतल्या विजेवर चालणारा चार्जर. आणि टपावर सौर पॅनेल. ती म्हणाली, "सर, पॅनेल जोडलं तरी बॅटरीत जाणारी धारा वाढत नाही." परीक्षकांपैकी एकाने पॅनेल खराब असल्याचा निकाल दिला. त्याच पॅनेलवर दिवा लावून तिने दाखवला, तरी कोणी ऐकले नाही. आम्हीही परीक्षकांत होतो आणि गप्प राहिलो, कारण आमच्याही डोक्यात हौदच होता. तिचे निरीक्षण बरोबर होते.

खऱ्या बोटीकडे वळू. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्यामुळे शिडाची सागरी बोट आपल्याला आता परकी नाही. अशा बोटींना वारा पुढे नेतो, पण दिवे, रेडिओ, स्वयंचलित सुकाणू यांना वीज लागते. ती सहसा १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून येते आणि त्या भरायला दोन साधने सर्रास आढळतात: डिझेल इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर आणि सौर पॅनेल.

समजा २०० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी अर्धी रिकामी आहे. अल्टरनेटरवर ६० अँपिअर लिहिलेले आहे. १०० वॉटचे पॅनेल भर दुपारी ५ अँपिअर देते. हौदवाला विद्यार्थी १०० ला ६५ ने भागून सुमारे दीड तास असे उत्तर देईल आणि त्याला पूर्ण गुण मिळतील. प्रत्यक्षात दीड तासाने ती बॅटरी भरलेली नसते. चार-पाच तासांनीही भरेल याची खात्री नाही.

असे का होते? बॅटरी वापरली जाते तेव्हा तिच्या दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते. चार्ज करताना त्याचे पुन्हा शिसे आणि शिशाचा डायऑक्साइड करायचा असतो. सुरुवातीला हे सल्फेट हाताशी, भरपूर असते, त्यामुळे बॅटरी देऊ तेवढी धारा घेते. या टप्प्यात नळांची बेरीज बऱ्यापैकी खरी ठरते. पुढे उरते ते पट्ट्यांच्या छिद्रांत खोलवर असलेले सल्फेट. तिथली क्रिया आयनांच्या संथ विसरणाच्या गतीने चालते. अधिक धारा रेटली तर पाण्याचेच विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन सुटू लागतात. म्हणून साधारण १४.४ व्होल्टच्या आसपास रेग्युलेटर व्होल्टेज रोखून धरतो. तेव्हापासून किती धारा घ्यायची हे बॅटरी ठरवते: ४० अँपिअर, मग २०, मग १०, मग ४. हौदाचे तोंड भरताना असे अरुंद होत जात नाही.

आता बॅटरी २० अँपिअर घेत असताना पॅनेल जोडले तर? पॅनेल ५ देते आणि अल्टरनेटर १५ वर येतो. बेरीज २० च राहते. त्या मुलीच्या मीटरने हेच सांगितले होते.

या हौदाला कंटाळून काही जण दुसऱ्या टोकाला जातात. पॅनेलने चढवलेले व्होल्टेज पाहून अल्टरनेटर फसतो आणि 'झोपी जातो', म्हणून दोघांना एकत्र जोडू नये, असे ते सांगतात. हेही पटण्यासारखे नाही. भुकेल्या बॅटरीचे व्होल्टेज पॅनेलच्या ५ अँपिअरने मर्यादेपर्यंत चढतच नाही, त्यामुळे अल्टरनेटर आपली पूर्ण धारा देत राहतो. दोघांच्या मर्यादा वेगळ्या असल्या, समजा १४.० आणि १४.४, तरी पॅनेलला एकट्याने भार पेलवेना की व्होल्टेज १४.० वर उतरते आणि अल्टरनेटर उरलेले काम उचलतो. खरा दोष वेगळाच असतो. काही साधे सौर नियंत्रक मर्यादा गाठल्यावर ठरावीक वेळ मोजतात आणि मग १३.५ व्होल्टच्या आसपास उतरतात. अल्टरनेटरने लवकर व्होल्टेज चढवले तर त्यांचे घड्याळही लवकर सुरू होते आणि बॅटरी अर्धपोटी राहते.

मग दोन साधने हवीत कशाला? कारण ती वेगवेगळ्या वेळी उपयोगी पडतात. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला कित्येक तास लागतात. तेवढ्यासाठी डिझेल इंजिन नाममात्र भारावर चालवणे म्हणजे तेलाची नासाडी, आणि वर इंजिनात काजळी. तो हिस्सा आठवडेच्या आठवडे रिकामा ठेवला तर सल्फेटचे मोठे, हट्टी स्फटिक बनून बॅटरीची क्षमता घटते. सकाळी तासभर इंजिन आणि मग दिवसभर ऊन, ही वाटणी बोटवाल्यांना अनुभवाने जमलेली असते.

गंमत अशी, की लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या बॅटरीला हौदाची उपमा बरीच जवळची आहे. जवळजवळ भरेपर्यंत ती धारा घेतच राहते. पण मग नळच तापतो. थंड होण्याची फुरसत न मिळाल्याने साधा अल्टरनेटर जळू शकतो, म्हणून मध्ये धारा मर्यादित करणारे यंत्र बसवतात.

वर्गात हे दाखवायला बोट लागत नाही. आणीबाणीच्या दिव्यातली ६ व्होल्ट, ४.५ अँपिअर-तासांची बॅटरी थोडी वापरून घ्यावी. ७.२ व्होल्ट व १ अँपिअर मर्यादेचा पुरवठा आणि डायोडमागून ३ वॉटचे पॅनेल जोडावे. दोन्हींच्या वाटेत एकेक अँपिअरमापी ठेवावा. खिडकी उघडी असावी, जवळ ज्योत नको, आणि पुरवठा बंद असताना पॅनेल जोडलेले राहू नये. सुरुवातीला दोन्ही आकड्यांची बेरीज पुरवठ्याच्या मर्यादेच्या वर जाते. धारा उतरायला लागली की दर दहा मिनिटांनी नोंद करावी, आणि मग विद्यार्थ्याला पॅनेलवर हाताने सावली धरायला सांगावे. पॅनेलचा काटा खाली येतो, आणि त्याच क्षणी दुसऱ्या मापीचा काटा जवळजवळ तेवढाच वर चढतो.