बंबाच्या गणिताची परिभाषा

आग विझविणाऱ्या यंत्रासाठी मराठीने पोर्तुगीज ‘बोंबा’पासून ‘बंब’ हा शब्द घेतला आणि तो इतका आपलासा केला की, न्हाणीघरात पाणी तापविण्याचे पात्रही त्याच नावाने ओळखले गेले. बंबाच्या गणिताची परिभाषा घडविताना मात्र हा मोकळेपणा दिसत नाही.

पंपावर ठेवावयाचा दाब म्हणजे नोझलपाशी लागणारा दाब, अधिक होजमधील घर्षणाने खर्ची पडणारा दाब, अधिक उंचीचा दाब. आग पंपाच्या पातळीखाली असल्यास शेवटचे पद वजा होते. या पदासाठी इंग्रजी ‘हेड’वरून ‘शीर्ष’ हा शब्द योजला जातो. त्याने मराठी वाचकाच्या मनात मस्तक उभे राहते, पाणी नव्हे. वस्तुतः ही कल्पना या प्रदेशाला परकी नाही. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळी नळदुर्गला बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. पावसाळ्यात नर व मादी या सांडव्यांवरून पाणी कोसळते. पाण्याचा जोर त्याच्या उंचीतून येतो, हे तेथे उभे राहणाऱ्यास निराळे शिकवावे लागत नाही. ‘पाण्याची उंची’ एवढे म्हटल्याने काम भागते.

याच नदीकाठी पंप ठेवून २० मीटर उंचीवरील बुरुजाकडे ६३ मिलिमीटर व्यासाची ६० मीटर होज नेली, अशी कल्पना करावी. नोझलला ३.५ बार हवेत. दर १० मीटर चढाला सुमारे १ बार, म्हणून उंचीचे २ बार. मिनिटाला ४५० लिटर प्रवाहास घर्षणाचे सुमारे ०.४ बार. पंपावर ५.९ बार दिसले पाहिजेत. मोठे नोझल लावून प्रवाह दुप्पट केला, तर घर्षणाचा भाग चौपट होऊन १.६ बार होतो आणि पंपदाब ७.१ वर जातो.

येथे ‘घर्षण-हानी’ हा शब्द घातक ठरतो. हानी म्हटली की पाणी गळते आहे असे वाटते. नवशिका चालक सांधे तपासू लागतो, आणि तेवढ्यात वरच्या माणसाच्या हातातील धार मंदावते. पाणी तितकेच असते, दाब घटलेला असतो. ‘दाबाची घट’ हा प्रयोग अधिक निर्दोष होय. ‘घट’ म्हणजे मडकेही, असा आक्षेप येईल. परंतु ‘दाबाची’ या शब्दामागे मडके कोणाला दिसणार नाही. ‘दाब वाढवा’ ही वरून येणारी हाक अधिक गंभीर आहे. वरच्याच्या मनात ३.५ असतात, खालच्याच्या डोळ्यांपुढे ५.९, दोघेही ‘दाब’च म्हणतात. ‘पंपदाब’ आणि ‘नोझलदाब’ हे जोडशब्द ओबडधोबड आहेत, तथापि प्रशिक्षणाच्या पहिल्याच धड्यात ते वेगळे शिकविले पाहिजेत.