देवासची टेकडी आणि फॉर्स्टरसाहेबांचा ग्रंथ

देवासचे नाव ज्या इंग्रजी वाचकांस ठाऊक आहे, त्यांस ते बहुधा ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हिल ऑफ देवी’ या ग्रंथामुळे. टेकडी चढून आल्यानंतर आम्ही हा ग्रंथ पुन्हा वाचावयास घेतला, आणि एकच प्रश्न वारंवार पुढे येऊ लागला : या ग्रंथात देवी कोठे आहे?

तुकोजी व जिवाजी हे पवार बंधू पहिल्या बाजीरावांबरोबर माळव्यात आले. त्यांच्या वंशजांनी एकाच गावात दोन राज्ये चालविली : थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंस दोन अंमल, पाणी वेगळे, दिवाबत्ती वेगळी! वकिलीच्या धंद्यात भाऊबंदकीची वाटणीपत्रे आम्ही पुष्कळ पाहिली. परंतु असा मासला दुसरा नाही. १९४८ साली दोन्ही पाती मध्यभारतात विलीन झाल्या.

फॉर्स्टर येथे प्रथम १९१२-१३च्या प्रवासात आले आणि १९२१ मध्ये काही महिने थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांचे खाजगी चिटणीस झाले. राजाचे चित्र त्यांनी मोठ्या ममतेने रेखाटले आहे. हाच राजा १९३३ मध्ये संस्थान सोडून पाँडिचेरीस गेला व १९३७ मध्ये तेथेच निवर्तला, हे ध्यानी असता ती पाने अधिकच करुण वाटतात. वाड्यातील गोकुळाष्टमीचे वर्णन तर ग्रंथाचा प्राणच होय. ‘अ पॅसेज टु इंडिया’ (१९२४) या कादंबरीचा अखेरचा भाग त्याच अनुभवावर उभा आहे. पण हा उत्सव कृष्णाचा आणि तो वाड्यातला. देवी मुखपृष्ठावर विराजमान झाली खरी, ग्रंथात मात्र ती बव्हंशी दूरच राहिली. चिटणिसाच्या खिडकीतून टेकडी दिसते. ती चढणाऱ्यांचे मन तेथून दिसत नाही.

वर दोन स्थाने आहेत : थोरली माता तुळजाभवानी आणि धाकटी माता चामुंडा. चामुंडेची मूर्ती खडकातच कोरलेली आहे. शिल्पाची नाजूक कलाकुसर शोधणाऱ्याची येथे निराशा होईल. खडकातून देवी वेगळी काढलेलीच नाही, यातच तिचा दरारा आहे. नवरात्रात वाट माणसांनी भरून जाते. एरवी पहाटे ओटी घेऊन निघालेल्या सुवासिनी आणि व्यायामासाठी धावत चढणारी तरुण मुले एकाच वाटेने जातात, पुण्याच्या पर्वतीसारखीच. देवस्थान आणि तालीम असा भेद डोंगराने कधी केला नाही. आमच्या गोमंतकातील चंद्रनाथाचा पर्वत चढलेल्यांस हे सांगणे नको. आता रज्जुमार्गही झाला आहे. वृद्धांची त्याने सोय झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि चढणीचा दम सरला की दर्शनाचे प्रेक्षणीय स्थळ होण्यास वेळ लागत नाही, ही धास्ती आम्हांस वाटते. खाली पसरलेल्या शहरात १९७४ पासून सरकारी नोटा छापल्या जातात. लक्ष्मीनेही जागा निवडली ती भवानीच्या पायथ्याशी!

पवारांच्याच धारेस टेकाडावर किल्ला आहे. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली तेथे झाला. पण किल्ल्याचा उंचवटा माणसास बाहेर ठेवण्यासाठी; देवासचा उंचवटा त्याला वर बोलावतो.

फॉर्स्टरसाहेबांच्या ग्रंथात जे उणे, ते दुसऱ्या एका परक्याने काही अंशी भरून काढले. बेळगाव जिल्ह्यातले कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला आले आणि क्षयाने कित्येक वर्षे अंथरुणास खिळले. गाता येत नव्हते म्हणून ते ऐकत राहिले : माळव्यातल्या बायकांची गाणी, नाथपंथीयांची निर्गुणी भजने. त्यांचे पुढचे गाणे त्या ऐकण्यातून आले. साहेबांनी देवास डोळ्यांनी टिपले, कुमारांनी कानांनी. आणि आमच्या मते कानांनी टिपलेले देवास अधिक खरे आहे.

आता हवे आहे ते तिसरे पुस्तक, आणि तेही मराठीत. दोन्ही पातींच्या काळातले नवरात्र ज्यांनी पाहिले, ती माणसे आता नव्वदीच्या आसपास असतील. पायऱ्यांवर त्यांच्याशेजारी बसून, त्यांच्या माळवी वळणाच्या मराठीतच, ते कोणीतरी उतरवून घेतले पाहिजे.